पूर्वजन्मीचे प्रेम आणि ओळखीचा प्रश्न : ‘फॉलन’ आणि ‘कादंबरी’

१

एम. ए. च्या वर्गात ‘कादंबरी’ या वाङ्मयप्रकाराच्या नावाची व्युत्पत्ती सांगताना बाणभट्टाच्या कथेचा सारांश सांगण्याचा प्रघात आहे. तो सांगत असताना एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, “महाश्वेतेने ज्याला शाप दिला तो तिचाच पुंडरीक होता ना? मग तिने त्याला ओळखले कसे नाही?” तिच्या शेजारी बसलेल्या मुलीने त्यावर सांगितले की, आपण वाचलेल्या एका इंग्रजी कादंबरीत नेमके याच्या उलट घडते, तेथे नायक नायिकेला दर जन्मी ओळखतो, नायिका मात्र त्याला ओळखत नाही. ती कादंबरी म्हणजे लॉरेन केट या अमेरिकन लेखिकेची ‘फॉलन’ (२००९).

या दोन विद्यार्थिनींनी सहज बोलता बोलता जो प्रश्न उपस्थित केला, तो पुनर्जन्माच्या प्रेमकथेच्या अगदी गाभ्याचा आहे. दोन व्यक्तींचे पूर्वजन्मी प्रेम होते असे मानले, तर ते या जन्मात कोणाला ठाऊक असते? आणि ज्याला ठाऊक आहे, त्याचा ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर काही हक्क पोहोचतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने दोन कलाकृतींचा विचार करावयाचा आहे. एक सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथा, तर दुसरी एकविसाव्या शतकातील किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली लोकप्रिय कादंबरी. दोहोंची वाङ्मयीन योग्यता सारखी आहे, असे सुचविण्याचा हेतू नाही. परंतु एकच आशयसूत्र दोन भिन्न विचारव्यूहांत कसे कार्य करते, हे पाहण्यासाठी ही जोडी उपयुक्त आहे. शिवाय आपले विद्यार्थी यांपैकी दुसरी कलाकृती आपणहून वाचतात आणि पहिली केवळ परीक्षेपुरती ऐकतात, ही वस्तुस्थिती अध्यापकांना दुर्लक्षिता येणार नाही.

२

इंग्रजीत ज्याला ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ म्हणतात, त्या प्रकाराला मराठीत स्थिर अशी संज्ञा नाही. ‘अतिमानुष प्रेमकथा’ असे म्हणता येईल. प्रेमिकांपैकी एक जण मानवी मर्यादांच्या पलीकडचा असणे (रक्तपिपासू, देवदूत, अमर पुरुष इत्यादी) आणि कथेचा भर भयापेक्षा अनुरागावर असणे, ही त्याची दोन मुख्य लक्षणे. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ने (२००५) किशोरवयीन वाचकांत या प्रकाराची लाट आणली. तिच्या पाठोपाठ आलेल्या कादंबऱ्यांपैकी काहींनी पूर्वजन्मीच्या प्रेमाचे सूत्र स्वीकारले. ॲलिसन नोएल यांची ‘एव्हरमोर’ आणि लॉरेन केट यांची ‘फॉलन’ या दोन्ही २००९ साली प्रसिद्ध झाल्या. दोहोंमध्ये नायिका सोळा-सतरा वर्षांची शाळकरी मुलगी आहे; दोहोंमध्ये नायक शतकानुशतके जगत आलेला आहे; आणि दोहोंमध्ये नायिका वारंवार मरून पुन्हा जन्म घेते, नायक मात्र मरत नाही.

पुनर्जन्माच्या कोणत्याही प्रेमकथेत तीन घटक असावे लागतात. पहिला, जन्मांतराचे कारण : कर्म, शाप, अपुरी राहिलेली इच्छा किंवा दैवी योजना. दुसरा, ओळखीची खूण : चेहरा, स्वर, एखादे स्थळ किंवा अकारण वाटणारी हुरहुर. तिसरा घटक म्हणजे स्मृतीची वाटणी. तिच्याकडे समीक्षेचे सहसा लक्ष जात नाही. पूर्वजन्माचे ज्ञान दोघांनाही आहे, एकालाच आहे की कोणालाच नाही, यावर कथेचे नैतिक स्वरूप अवलंबून असते. दोघांनाही स्मरण असेल तर ती केवळ पुनर्भेटीची कथा होते. कोणालाच नसेल तर सारे ज्ञान निवेदकाकडे व वाचकाकडे राहते. एकालाच असेल, तर ज्ञानाची विषमता निर्माण होते. आणि ज्ञानाची विषमता ही सत्तेचीही विषमता असते.

भारतीय परंपरेला ही विषमता अपरिचित नाही. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की, आपणा दोघांचेही अनेक जन्म होऊन गेले आहेत, ते मी जाणतो, तू जाणत नाहीस. ज्याला पूर्वजन्म आठवतात त्याच्यासाठी आपल्याकडे ‘जातिस्मर’ असा स्वतंत्र शब्दच आहे. पातंजल योगसूत्रांत संस्कारांच्या साक्षात्काराने पूर्वजन्माचे ज्ञान होते असे सांगितले आहे. म्हणजे असे स्मरण ही साधनेने मिळणारी दुर्मीळ सिद्धी आहे. सामान्य माणसाच्या वाट्याला येते ते विस्मरण. कालिदासाने ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात या विस्मरणाचे सूक्ष्म रूप टिपले आहे. हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंताला अकारण उत्कंठा वाटते, आणि मनात खोल रुजलेली जन्मांतरीची सौहृदे नकळत जागी होत असावीत, असा तर्क तो करतो. खरे पाहता तो विसरला आहे ती याच जन्मातील शकुंतला. पूर्वजन्माची कल्पना येथे एका चुकीच्या निदानाप्रमाणे येते, ही कालिदासाची मार्मिकता होय.

३

आता ‘फॉलन’कडे वळू. ल्यूसिंडा (ल्यूस) प्राइस ही सतरा वर्षांची मुलगी. एका संशयास्पद आगीत तिच्या सहवासातील एक मुलगा मरण पावतो आणि तिची रवानगी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, सव्हाना येथील ‘सोर्ड अँड क्रॉस’ या सुधारशाळेत होते. लहानपणापासून तिला काळ्या सावल्या दिसतात. शाळेत डॅनियल ग्रिगोरी हा तरुण दिसताच त्याला आपण पूर्वी कोठेतरी पाहिले आहे, असे तिला वाटते. तो मात्र तिला प्रथमदर्शनीच झिडकारतो. कथानक पुढे सरकते तसे उलगडते की डॅनियल हा स्वर्गातून पतित झालेला देवदूत आहे. एका शापामुळे ल्यूस दर सतरा वर्षांनी मरते आणि पुन्हा जन्मते. त्यांच्या प्रेमाची परिपूर्ती जवळ येताच, बहुधा एका चुंबनाच्या क्षणी, ती ज्वाळांत नाहीशी होते. कादंबरीचा उपोद्घात १८५४ सालच्या इंग्लंडमध्ये, हेल्स्टन येथे घडतो, तो याच पुनरावृत्तीचा एक आवर्त होय. या जन्मी मात्र ल्यूसचा बाप्तिस्मा झालेला नाही. त्यामुळे यावेळी ती मेली तर पुन्हा जन्मणार नाही, असा पेच लेखिकेने घातला आहे.

या कथानकाची जडणघडण विचार करण्याजोगी आहे. ख्रिस्ती विश्वदृष्टीत पुनर्जन्माला स्थान नाही. तेथे जन्म एक, मृत्यू एक आणि अंतिम न्यायही एकच. अशा चौकटीत पुनर्जन्म आणावयाचा, तर तो सार्वत्रिक नियम म्हणून येऊ शकत नाही. अपवाद म्हणूनच येऊ शकतो. म्हणून ‘फॉलन’मध्ये बाकी सर्व माणसे एकदाच जन्मतात, एकटी ल्यूस पुनःपुन्हा जन्मते. पुनर्जन्म हे येथे एका व्यक्तीच्या असामान्यत्वाचे प्रमाणपत्र होते. सामान्य, एकाकी, घरापासून दुरावलेली मुलगी अकस्मात विश्वाच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी येते. किशोरवयात ‘मी कोण?’ हा प्रश्न जितका तीव्र असतो, तितकेच हे उत्तर मोहक वाटते : तू कोण हे तुला ठाऊक नाही, पण कोणीतरी ते युगानुयुगे जाणून आहे. या प्रकाराच्या लोकप्रियतेचे एक कारण येथे सापडते, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

परंतु याच मोहकतेत धोकाही आहे. डॅनियलला सर्व आठवते, ल्यूसला काहीच नाही. तिच्या आवडी, तिची भीती, तिचे पूर्वीचे मृत्यू हे सारे त्याला अवगत आहे. तो तिला टाळतो तेही तिच्या भल्यासाठी, आणि काय सांगावयाचे, काय लपवावयाचे हे तोच ठरवतो. त्याच्या वागण्यातील तुसडेपणा ‘खऱ्या प्रेमाचे’ लक्षण म्हणून वाचकाने स्वीकारावा, अशी कथनाची अपेक्षा असते. प्रेम आधीच ठरून गेलेले असल्यामुळे ते जुळण्याची प्रक्रियाच अनावश्यक ठरते. निवडीचा प्रश्न मागल्या जन्मीच निकालात निघालेला असतो.

तथापि लेखिकेला या अडचणीची जाणीव नव्हती, असे म्हणता येत नाही. मालिकेच्या पुढील भागांत, म्हणजे ‘टॉर्मेंट’ (२०१०), ‘पॅशन’ (२०११) व ‘रॅप्चर’ (२०१२) यांत हाच प्रश्न क्रमाने पुढे येतो. आपले प्रेम आपले आहे की शापाने आपल्यावर लादलेले, अशी शंका ल्यूसला येऊ लागते. ‘पॅशन’मध्ये त्या सावल्यांच्याच वाटेने ती आपल्या पूर्वजन्मांत जाते आणि तेथील स्वतःला बाहेरून पाहते. ज्ञानाची विषमता मोडून काढण्याचा हा प्रयत्न होय. मालिकेच्या शेवटी दोघेही अमरत्व सोडून मर्त्य होण्याचे मान्य करतात, आणि त्याची किंमत म्हणून परस्परांची स्मृती गमावतात. पुढे एका महाविद्यालयात ती दोघे अनोळखी म्हणून नव्याने भेटतात. चार खंडांच्या प्रदीर्घ प्रवासानंतर कथा अशा जागी येऊन थांबते की, प्रेम खरे ठरण्यासाठी आधी ते विसरले गेले पाहिजे. लोकप्रिय साहित्यप्रकार आपल्याच गृहीतकाशी कसा झगडतो, याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

४

बाणभट्ट हा हर्षवर्धनाच्या (इ. स. ६०६ ते ६४७) आश्रयाचा कवी. ‘कादंबरी’ पूर्ण होण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला आणि तिचा उत्तरभाग त्याचा पुत्र भूषणभट्ट याने रचला. कथेचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त असावे, असे मानतात. पैशाची भाषेतील तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मकरंदिकेच्या आख्यानाच्या रूपाने ती कथा आढळते. परंपरेने गुणाढ्याचा संबंध सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडला आहे, हेही येथे नमूद करावयास हवे.

या कथेतील प्रेमिकही किशोरवयाच्या उंबरठ्यावरचे आहेत, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. चंद्रापीड सहाव्या वर्षी विद्यामंदिरात जातो व दहा वर्षांनी, सोळाव्या वर्षी बाहेर पडतो. महाश्वेता अच्छोद सरोवरावर मातेसह स्नानाला आलेली असताना तिला तरुण तपस्वी पुंडरीक दिसतो. त्याच्या कानावरील मंजिरीचा सुगंध, त्याच्या हातून गळलेली आणि तिने गळ्यात घातलेली जपमाळ, एवढ्याच सामग्रीवर ते प्रेम उभे राहते. आणि त्याच रात्री, ती पोहोचण्यापूर्वीच, चांदण्याने पोळलेला पुंडरीक प्राण सोडतो. मरताना तो चंद्राला जन्मोजन्मी प्रेमविरहाचे दुःख भोगण्याचा शाप देतो; चंद्रही त्याला आपल्याबरोबर तेच भोगण्याचा प्रतिशाप देतो. त्यामुळे चंद्र चंद्रापीड म्हणून व पुढे शूद्रक म्हणून जन्मतो. पुंडरीक वैशंपायन म्हणून व पुढे पोपट म्हणून जन्मतो.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तरभागात वैशंपायन अच्छोद सरोवरावर येतो आणि तेथून हलण्यास नकार देतो. काही हरवलेले शोधावे तसा तो त्या परिसरात भटकतो. महाश्वेतेला पाहून तो तिच्याकडे प्रेमयाचना करतो. पुंडरीकाची वाट पाहत व्रतस्थ राहिलेली महाश्वेता त्याला वारते. तो ऐकत नाही. तेव्हा ती त्याला पोपट होण्याचा शाप देते आणि तो गतप्राण होतो. ज्याच्यासाठी ती जगते आहे, त्यालाच ती दुसऱ्यांदा गमावते.

या प्रसंगाचे सामर्थ्य त्याच्या रचनेत आहे. वैशंपायनाला ओढ आहे, पण स्मरण नाही. महाश्वेतेला स्मरण आहे, पण समोरच्या देहात ती पुंडरीकाला पाहू शकत नाही. ज्ञान दोघांकडेही अर्धेच आहे. ‘फॉलन’मधील विषमता येथे नाही, येथे आहे ती दोन अपूर्णतांची टक्कर. आणि महत्त्वाचे असे की, तिने त्याला ओळखले नाही म्हणून कथा तिला दोषी ठरवीत नाही. सत्य कळल्यावर ती स्वतःला दूषणे देते, तेव्हा कपिंजल हा पुंडरीकाचा मित्र तिचे सांत्वनच करतो आणि घडलेल्याचे कारण शापात दाखवतो. जन्मांतरीची ओढ कितीही खरी असली, तरी तिच्या बळावर अनोळखी पुरुषाला स्त्रीवर हक्क सांगता येत नाही, ही मर्यादा कथानकात स्पष्टपणे राखली गेली आहे. हा भाग बाणाचा नसून त्याच्या पुत्राचा आहे, म्हणून त्याचे श्रेय मोजताना सावधगिरी बाळगावी लागते. पण ज्या रूपात ही कथा परंपरेने वाचली, त्या रूपात ही मर्यादा तिचा अविभाज्य भाग आहे.

दुसरी गोष्ट पुनर्मीलनाची. चंद्रापीडाचा देह अच्छोदतीरी अविकृत राहतो आणि कादंबरी त्याची सेवा करीत थांबते. पुंडरीकाचा देह चंद्रलोकात जपून ठेवलेला असतो. शापाची अवधी संपताच शूद्रक व पोपट देह ठेवतात, आणि प्रेमिक भेटतात ते आपापल्या मूळ देहांत. म्हणजे महाश्वेतेला वैशंपायन मिळत नाही, पोपट मिळत नाही. तिने ज्याच्यावर प्रेम केले तो पुंडरीकच मिळतो. आत्मा एकच असला तरी व्यक्ती एकच नसते, हा सूक्ष्म भेद ही कथा पाळते. मधले जन्म भोगावयाचे असतात. ते प्रेमाचे वारसदार होत नाहीत.

तिसरा भेद व्याप्तीचा. ‘कादंबरी’त पुनर्जन्म केवळ नायक-नायिकेसाठी राखून ठेवलेला नाही. कपिंजल हा इंद्रायुध नावाचा घोडा होऊन वावरतो. पत्रलेखा ही रोहिणी असते. पोपटाला राजसभेत आणणारी चांडालकन्या ही पुंडरीकाची माता लक्ष्मी असते. मित्र, वाहन, सखी, माता या सर्वांना त्या फेऱ्याने कवेत घेतले आहे. पुनर्जन्म सार्वत्रिक नियम असल्यामुळे तो कोणालाही असामान्य ठरवीत नाही. उलट प्रत्येक क्षुद्र जीवामागे, पिंजऱ्यातील पोपटामागेही, एक हरवलेले प्रेम असू शकते, अशी करुणा तो निर्माण करतो.

याचा अर्थ ‘कादंबरी’ सर्वथा निर्दोष आहे असा नव्हे. प्रतीक्षा, व्रत आणि देहदंड हे मुख्यतः स्त्रियांच्याच वाट्याला येतात. शाप भोगणारे पुरुष जन्म बदलतात. स्त्रिया एकाच जन्मात थांबून राहतात. ‘फॉलन’मध्ये याच्या उलट स्त्री मरत राहते आणि पुरुष थांबतो. प्रतीक्षेचे ओझे पुरुषावर टाकणे हा आधुनिक प्रेमकथेने केलेला बदल आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र मरण्याचे ओझे तिने स्त्रीवरच ठेवले आहे.

५

मराठी वाचकाच्या मनात जन्मांतरीच्या प्रेमाची जी कल्पना रुजली आहे, तिचा एक स्रोत वटसावित्रीच्या व्रतात आहे. जन्मोजन्मी, सात जन्म हाच पती मिळावा, ही त्यातील मागणी. या मागणीची काळातील दिशा पाहण्यासारखी आहे. व्रतात विवाह आधी झालेला असतो आणि पुढील जन्म मागितले जातात. म्हणजे दृष्टी भविष्याकडे असते. अतिमानुष प्रेमकथेत मागचे जन्म आधी झालेले असतात आणि त्यांच्या आधारे या जन्मातील प्रेम मागितले जाते. एकात जन्मांतर हे निष्ठेचे फळ आहे, दुसरीत ते निष्ठेचे कारण आहे. सात जन्मांच्या भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘फॉलन’ ओळखीची वाटते, पण ती ओळख वरवरची आहे.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीनेही हे सूत्र वारंवार हाताळले. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’त (१९५८) जुन्या हवेलीत आश्रय घेतलेल्या नायकाला आपला पूर्वजन्म आठवतो. त्याआधीच्या कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये (१९४९) मात्र पूर्वजन्मीच्या प्रेयसीचा आभास हा एका जिवंत मुलीने रचलेला बनाव ठरतो. पूर्वजन्माचा दावा पडताळून पाहता येत नाही, म्हणून तो फसवणुकीचे साधनही होऊ शकतो, ही जाणीव त्या चित्रपटात आहे.

मराठी गद्यकथेच्या इतिहासात या साऱ्याला एक विशेष संदर्भ आहे. ‘नॉव्हेल’ या प्रकारासाठी आपण जे नाव स्वीकारले, ते मुळात एका पुनर्जन्मकथेच्या नायिकेचे नाव आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कृतींना ते नाव शोभून दिसत होते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला वास्तवाच्या भूमीवर आणले; तेव्हापासून नाव ‘कादंबरी’चेच राहिले, पण अद्भुत मात्र दुय्यम ठरले. ही घडामोड आवश्यक होती, यात शंका नाही. किशोरवयीन प्रेमाचे चित्रणही मराठीत वास्तवाच्याच अंगाने समर्थपणे झाले. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु वास्तववादाच्या या यशामुळे अद्भुताचे वाचन कसे करावे, हे शिकविणे आपण जवळजवळ सोडून दिले, ही हानीही नोंदवावयास हवी.

६

वरील विवेचनावरून असे दिसते की, पूर्वजन्मीच्या प्रेमाची कथा ही केवळ स्वप्नरंजन नसते. एक व्यक्ती दुसरीला कितपत ओळखू शकते आणि त्या ओळखीतून कोणता हक्क निर्माण होतो, याची ती कसोटी असते. ‘फॉलन’ प्रथम हा हक्क गृहीत धरते आणि शेवटी तो सोडून देते. ‘कादंबरी’ तो मध्येच, एका शापाच्या रूपाने, नाकारते आणि त्या नकाराचे दुःखही पूर्णपणे भोगू देते.

वर्गातील त्या विद्यार्थिनीला दिलेले माझे उत्तर त्या दिवशी अपुरे होते. शापामुळे ओळखले नाही, एवढेच मी सांगितले. आज असे सांगेन की, महाश्वेतेने त्याला ओळखले नाही, कारण तो पुंडरीक नव्हता. तो वैशंपायन होता. आपल्या विद्यार्थिनी जेव्हा ‘तू पूर्वीपासून माझीच आहेस’ असे सांगणाऱ्या नायकांच्या कथा वाचतात, तेव्हा त्या कथा त्यांच्या हातून काढून घेण्याचे कारण नाही. त्यांच्या शेजारी महाश्वेतेची कथा ठेवावी, आणि दोन्ही तितक्याच गंभीरपणे वाचाव्यात. समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या याच जन्मातील नावाने हाक मारणे म्हणजे काय, हे त्यातून वर्गातच उमगू शकेल.